गुरुजींची पद्मिनी: सोळा महिने, एक वही आणि भरपूर गंज

गेल्या दोन-तीन महिन्यांत पाच-सहा जणांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "गावाकडे एक जुनी पद्मिनी गाडी पडून आहे, स्वस्तात देतायत, घेऊ का?" दर वेळी मी अर्धा तास बोलतो आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं, की महत्त्वाचं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज वही घेऊन बसलोय. पतसंस्थेतल्या नोकरीमुळे खर्च लिहून ठेवायची खोड आहे. माझी पद्मिनी दुरुस्त करायला घेतली तेव्हा तिच्यासाठी शंभर पानी वही केली होती, ती ग्रीसच्या हातांनी उलगडून उलगडून आता दीडपट फुगलीय.

मी मेकॅनिक नाही. स्पार्क प्लग कुठे असतो एवढंच माहीत होतं. त्यामुळे जाणकारांनी हसू नये, आणि नवख्यांनी माझ्या चुका परत करू नयेत.

गाडी १९८९ ची. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोक जिला फियाट म्हणतात ती, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. आमच्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या गावात एका निवृत्त गुरुजींची होती. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतः आरटीओत जाऊन नोंदणी पाच वर्षं वाढवून आणली आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर ते गेले. मग गाडी चिंचेखाली उभी राहिली ती चार पावसाळे तिथेच. मी बघायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी बसली होती आणि तिची उठायची तयारी नव्हती. मुलाने चाळीस हजार सांगितले. १७ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी बावीस हजारांवर तुटलं. टेम्पोने घरी आणायला साडेतीन हजार वेगळे.

बघायला जाताना मी दोन वस्तू नेल्या होत्या, तुम्हीही न्या: फ्रिजला लावतात तसं एक लोहचुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर. चुंबक रुमालात गुंडाळून दारांवरून, मडगार्डवरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मॅट उचलून पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचा. चांगला पत्रा "ठण्" वाजतो, कुजलेला "थप्प". ड्रायव्हरच्या पायाशी मी ठोकलं तर आवाजच आला नाही. स्क्रूड्रायव्हर आरपार जाऊन खालच्या मातीत उभा राहिला. गुरुजींचा मुलगा शरमून म्हणाला, "दादा, तिथे पाय ठेवत नव्हते ते." तेव्हाच किंमत अजून पाच हजारांनी खाली आणायला हवी होती. पण माणूस बरा वाटला आणि माझी जीभ रेटली नाही.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. म्हणून मडगार्डचं भोक दिसायला भयंकर असलं तरी बिनधोक असतं. खरी भीती दारांखालच्या पोकळ पट्टीची, मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे बॉडीला अडकतात त्या जागेची आणि पुढच्या सस्पेन्शनच्या टेकूची. माझ्या गाडीत पाट्यांची जागा शाबूत होती, दारांखालच्या दोन्ही पट्ट्या मात्र पापडासारख्या झाल्या होत्या. उलटं असतं तर आज मी सांगितलं असतं, की नमस्कार करून परत या.

पण पत्र्याच्याही आधी आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र बघा. माझ्या आरसीची मुदत १४ फेब्रुवारी २०२४ ला संपत होती. म्हणजे हातात पाच महिने. मुदत संपलेली गाडी नावावर करायला गेलात तर दोन कामांचा गुंता होतो. शिवाय मूळ मालक हयात नाही, म्हणजे आधी वारसाच्या नावावर आणि मग माझ्या नावावर. पहिल्यासाठी फॉर्म ३१, दुसऱ्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. फॉर्म ३१ बरोबर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं. गुरुजींच्या पत्नीची सही त्याच आठवड्यात झाली. मुलगी गुजरातेत दिलेली, ती दिवाळीलाच येणार. तोवर थांबणं आलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताई नोटरीकडे आल्या, सही केली आणि म्हणाल्या, "रंग बदलणार का हो?" मी अजून ठरलं नाही असं सांगितलं. ते खोटं होतं.

एजंटने या सगळ्याचे सहा हजार सांगितले होते. सरकारी फी त्यामानाने अगदीच किरकोळ. मी स्वतः केलं, पण रजा चार दिवसांच्या गेल्या. ज्याची रजा महाग त्याने एजंट करावा, त्यात कमीपणा नाही.

खरी मेख पुढे होती. नावावर करायला विमा हवा आणि पीयूसी हवं. विम्याचं सोपं: थर्ड पार्टी घेतला, हजार ते दीड हजार सीसीचा दर ३,४१६, जीएसटी धरून ४,०३१. पण पीयूसी बंद गाडीचं कसं निघणार? आणि गाडी तर चार वर्षं फिरलेली नाही. इंजिन जाम.

इथे आमच्या मिस्त्रींचा उल्लेख करायला हवा. वय पासष्टच्या पुढे, हयात फियाटवर गेलेली. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओतलं आणि पाच दिवस गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं. सहाव्या दिवशी बंपरच्या भोकातून हँडल घातलं. हलेना. ते म्हणाले, "जोर लावू नका साहेब, नुसतं लोंबकळा." लोंबकळलो. दहा मिनिटांनी बोटभर सरकलं आणि आतून "कर्र" असा आवाज आला, जसं खूप दिवस न उघडलेलं लोखंडी गेट. ज्यांची गाडी बरीच वर्षं उभी आहे त्यांनी उत्साहाने बॅटरी जोडून सेल्फ मारू नये. पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि स्वस्तातलं काम महागात जातं.

टाकीत पेट्रोल नव्हतं, तपकिरी चहा होता. म्हणून टाकी वगळून पाच लिटरच्या कॅनमधून थेट पंपाला पाइप दिला. प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला. २६ नोव्हेंबरला इंजिन सुरू झालं. धूर इतका, की शेजारच्या काकूंनी गच्चीवरचे कपडे काढले.

पीयूसी केंद्र गॅरेजपासून चारशे मीटरवर. ब्रेक नाहीत. सहा जणांनी गाडी ढकलली, माझा भाचा कॅन धरून बाजूने धावतोय, आणि दोघं जण दोन्ही बाजूंना हातात दगड घेऊन, उतार आला की चाकाखाली टाकायला. अशी वरात. केंद्रातल्या मुलाने नळी सायलेन्सरला लावली. जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, माझा आकडा ५.१. मिस्त्रींनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, कार्बोरेटरवरचा हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू कानाने ऐकत ऐकत फिरवला, २.६ वर आणून थांबवला. १२५ रुपये, सहा महिन्यांचं प्रमाणपत्र. मुलगा म्हणाला, "काका, पुढच्या वेळी चालवत आणा."

४ डिसेंबरला फॉर्म ३१ भरला. जानेवारीच्या दुसऱ्या तारखेला गाडी मुलाच्या नावावर, ६ फेब्रुवारीला माझ्या नावावर. मुदत संपायला आठ दिवस. या दोन महिन्यांत कार्यालयाच्या चार फेऱ्या झाल्या. एका फेरीत कळलं, की संगणकावर चासी नंबरमधल्या ८ च्या जागी ३ पडलाय. दुरुस्तीचा वेगळा अर्ज, जुन्या आरसीची प्रत आणि नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा. खिडकीपलीकडचे साहेब वैतागलेले होते, मीही होतो. तिसऱ्या फेरीला त्यांनी विचारलं, "पद्मिनी आहे का? आमच्या मामांची होती." चौथी फेरी दहा मिनिटांत संपली. आता याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

मध्येच एक गोष्ट झाली. ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस आला. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची टॅक्सी, वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. गाडीचं उत्पादन २००० च्या सुमारासच थांबलं होतं, पण या टॅक्सींमुळेच सुटे भाग इतकी वर्षं टिकले. डिसेंबरात कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो तर एक दुकानदार म्हणाला, "आता घ्या जे घ्यायचं ते, पुढच्या वर्षी मी पण हा माल ठेवणार नाही." ती विक्रीची युक्ती होती की खरं, माहीत नाही. मी घाबरून टेललाइटच्या काचा, दाराची हँडलं आणि वायपरचे हात जोडीने घेतले. वायपरचे हात फुकट गेले. का ते पुढे. पुण्यात नाना पेठेतही दोन फेऱ्या केल्या. ब्रेकचे किट, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंग पिनचे बुश, रबरं तिथे मिळाली. जुना भाग बरोबर पिशवीत घेऊन जा. "पद्मिनीचा व्हील सिलिंडर" एवढं सांगून मिळेल ते बसेलच असं नाही.

नावाचं काम मार्गी लागल्यावर इंजिन रीतसर उघडलं. ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात बोअरिंगला दिला. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घेतल्या. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनलेली. शिशाचा थर व्हॉल्व्हची सीट झिजू देत नसे, ते पेट्रोल २००० साली बंद झालं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, ते जुन्या रबराच्या नळ्या फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल चालेल अशा रबराचे घेतले आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवत नाही. इंजिनाचं एकूण बिल ३१,४००. एकाने "तुमचा ब्लॉक ठेवा, तयार इंजिन घेऊन जा" असा सौदा दिला होता, चार हजार वाचत होते. ब्लॉकवरचा नंबर आरसीवर असतो हे लक्षात ठेवून मोहाला नाही म्हणा.

टाकी साफ करायची रीत मला फार आवडली. उतरवून आत दोन मुठी नट आणि सायकलची जुनी चेन टाकायची, थोडं पाणी घालायचं आणि हलवायची. मी आणि बायको ओसरीवर समोरासमोर बसून अर्धा तास टाकी हलवत होतो. मध्येच ती म्हणाली, "अहो, लग्नात जातं फिरवलं होतं त्यापेक्षा हे जड आहे." पाण्याबरोबर निघालेला गंज बादलीत तळाला बोटभर साचला.

ब्रेक आणि सस्पेन्शनवर १८,६००. इथे काटकसर केली नाही, तुम्हीही करू नका. चार टायर-ट्यूब १४,८००.

आता गंज.

फेब्रुवारी ते मे २०२४ गाडी आमच्या डेंटर चाचांच्या शेडमध्ये होती. त्यांनी पहिल्या दिवशी नुसतं पाणी ओतलं. छतावर, काचेवर, दारांवर एकेक तांब्या, आणि पाणी कुठून आत जातंय, कुठून बाहेर येतंय ते उकिडवे बसून बघत राहिले. गंज जिथे दिसतो तिथे सुरू झालेला नसतो, हे मला तेव्हा कळलं. दारांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. चिंचेच्या पाल्याने ती बुजली होती. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी दारातच साचत राहिलं आणि दार आतून बाहेर कुजत आलं. बाहेरून आपल्याला फक्त रंगाखाली एक फोड दिसतो. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी मॅटखाली, आणि मॅटखालचं गोणपाट ते धरून ठेवणार. म्हणून पायाखालचा पत्रा गेलेला.

काम सुरू करण्याआधी चाचांनी बॉनेटखालच्या चासी नंबरावर ग्रीस फासलं आणि वर जाड टेप लावला. ग्राइंडरचा एक हात चुकून तिथून गेला तर नंबर गेला, आणि मग तुम्ही जन्मभर फॉर्म भरत बसा. बॅटरी काढली, टाकी आधीच उतरवली होती. वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून दहा हात लांब ठेवली.

मग दारांखालच्या पट्ट्या. मला वाटलं होतं दोन्ही बाजू एकदमच कापतील, काम लवकर होईल. चाचा म्हणाले, "बेटा, दोन्ही पाय कापल्यावर माणूस उभा राहील का?" दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी अँगल वेल्ड करून बॉडी आधी जखडली, मग एकच बाजू कापली. ती पूर्ण जोडून, दार चार वेळा उघडून-लावून बघून, मगच दुसरी. माझ्या ओळखीच्या एकाने घाईत दोन्ही कापल्या होत्या. बॉडी मध्यात बसली आणि त्याची दारं अजून लागत नाहीत. वीस गेजचा पत्रा घेतला, पायाखालच्या भागाला लाकडी हातोडीने ठोकून मूळच्यासारख्या नाळी पाडल्या. त्या शोभेच्या नसतात, त्यांच्यामुळे पत्रा डुगडुगत नाही. कापलेल्या पट्टीच्या पोकळीतून मुठीमुठीने माती, उंदराचं घरटं आणि खडूचे तुकडे निघाले. पांढरे, एक गुलाबी. ते मी काडेपेटीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलेत.

नवा पत्रा जोडल्यावर सांध्यांना गंजरोधक फॉस्फोरिक द्रावण, मग प्राइमर. पोकळीत आतून मेणाचा फवारा, ज्याची नळी लांब असते तो घ्या. पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का ते तारेने बघा. पत्र्याचं काम २७,५००, चार महिने. चाचांनी सांगितलेला वेळ: "पंधरा दिवस."

माझी सगळ्यात मोठी चूक जूनमध्ये झाली. वहीत तोवर १ लाख २४ हजार लागले होते आणि माझं बजेट दीड लाख होतं. रंगाला उरलेले सव्वीस हजार. एका पेंटरने तेवढ्यात करून देतो म्हटलं, नऊ हजार आगाऊ घेतले, पाऊस सुरू झालेला असताना उघड्या शेडमध्ये पुट्टी मारली. डाव्या मागच्या मडगार्डवर थोडा गंज राहिला होता, त्याच्यावरूनच. तीन आठवड्यांनी फोड आले. नखाने एक फोडला तर आतून पिवळं पाणी. पुट्टी स्पंजसारखी ओल शोषते, दमट हवेत ती ओल आतच कोंडली जाते. पेंटर म्हणाला हवामानाचा दोष आहे. एका अर्थी खरंच होतं, ते हवामान निवडलं आम्ही दोघांनी.

मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि दोन महिने ती उचललीच नाही. गॅरेजवरून जाताना दुसऱ्या रस्त्याने जायचो. घरात विषय काढत नव्हतो. गणपतीत बायकोनेच वही काढली, हिशेब बघितला आणि म्हणाली, "आता सोडलं तर सव्वा लाखाचं भंगार. दिवाळीचा बोनस यात घाला, पण घाई केलीत तर माझ्याशी गाठ आहे." बजेट तिथेच मेलं. आकडा सांगायला संकोच वाटतो पण सांगतो, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही: आजपर्यंतचा एकूण खर्च २ लाख १७ हजारांच्या आसपास. दीडचे सव्वादोन. जो कुणी तुम्हाला आकडा सांगेल त्यात निम्मे अजून मिळवून हाती असतील तरच सुरुवात करा.

दुसऱ्यांदा रंग नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये, कोरड्या हवेत, बंद बूथमध्ये. घासायचं काम मी घेतलं म्हणून बारा हजार वाचले. रोज संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, पॉलिश पेपर आधी ८० नंबर, मग २२०, मग ४००. बोटांचे ठसे पुसले गेले, ऑफिसातलं हजेरीचं मशीन मला ओळखेना. मास्क लावा, ती धूळ वाईट. एक युक्ती: घासलेल्या भागावर डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा हाताला लागतो. एपॉक्सी प्राइमर, वर पीयू रंग. एकूण ३८,०००.

मूळ रंग पांढरा. मी अंग शेवाळी हिरवं आणि छत सायीच्या रंगाचं केलं. आरसीवर रंगाची नोंद असते, तेव्हा रंग बदलला की ती बदलून घ्यावी लागते. मी नूतनीकरणाच्या अर्जासोबतच केली. गाडीत काय बदलावं याबद्दल सल्ले खूप आले. दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन टाक, रुंद टायर घाल, गिअर खाली घे. मूळ रचनेत असे फेरफार परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि दांड्यावरचा गिअर काढायचा तर पद्मिनी घ्यायची कशाला? मी केले ते बदल बाहेरून दिसत नाहीत. हेडलाइटला रिले घातले, त्यामुळे जुन्या स्विचवर भार येत नाही आणि उजेड जवळजवळ दुप्पट वाटतो. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पुढच्या सीटना सीटबेल्ट, मागे जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून. आणि सीट. रेक्झिनचा भाव ऐकून परत आलो होतो. मग सोलापुरी चादरी आणल्या, मरून-निळ्या, आणि सीटवाल्याकडून त्यांच्याच खोळी शिवून घेतल्या, दारांच्या आतल्या बाजूलाही तेच. फोमसकट ११,३००. उन्हात अंगाला चिकटत नाहीत. गाडीत बसणारा प्रत्येक जण आधी चादरीवरून हात फिरवतो, मग इंजिनाचं विचारतो.

२० जानेवारी २०२५ ला फॉर्म २५, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. फी ५,०००. मुदत उलटल्यावर दर महिन्याला ५०० दंड, अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. मला बारा महिन्यांचा ६,००० लागला. पर्यावरण कर ३,०००. चौदा हजार एका दिवशी गेले. तिथे रांगेत कुणीतरी हमखास सांगतं, "व्हिंटेजमध्ये टाका, सूट मिळते." त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात. माझी छत्तीस. आणि पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते ही भीतीही इकडे नको, तो प्रकार दिल्लीकडचा.

२१ तारखेला तपासणी. निरीक्षक साहेबांनी चासीचा ठसा घेतला, हॉर्न, ब्रेक, दिवे, सिग्नल सगळं पाहिलं. मी मनातल्या मनात पास झालो होतो. मग ते म्हणाले, "वायपर लावा." वायपर अर्ध्यावर येऊन थांबला, नमस्कार केल्यासारखा. मोटर जुनीच ठेवली होती, नवे होते ते नुसते हात. "आठ दिवसांनी या." २८ तारखेला पुन्हा गेलो, मोटर दुसरी. त्यांनी वायपर बघितलाच नाही, चादरीवरून हात फिरवला आणि सही केली. आरसी पोस्टाने एकोणीस दिवसांनी आली, रंगाच्या रकान्यात हिरवा.

उच्च सुरक्षा नंबर प्लेट एप्रिलमध्ये बसली, ७४५ आणि वर जीएसटी, ८७९ रुपये. जुना तीन अक्षरी नंबर त्या चकचकीत प्लेटवर जरा परका दिसतो. हे लिहीपर्यंत, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये, वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरण फी दहा हजार झालीय. वहीच्या शेवटच्या पानावर तेवढं लिहून ठेवलंय.

मे महिन्यात गाडी घेऊन गुरुजींच्या घरी गेलो होतो. काकू बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली. काही बोलल्या नाहीत. मग पुढच्या सीटवर बसून दार ओढलं. ते नीट लागलं नाही, दुसऱ्यांदा ओढलं, तरी नाही. "वर उचलून लाव," त्या म्हणाल्या आणि दार किंचित वर उचलून लावलं. बिजागऱ्या नव्या आहेत, उचलायची गरज नाही, फक्त जरा जोरात लावावं लागतं. पण मी आता उचलूनच लावतो.

यंदाच्या पावसात डिकीत तांब्याभर पाणी आलं. रबर बदलून झालं, तरी येतंय. चाचांच्या रीतीने या रविवारी तांब्याने पाणी ओतून बघणार आहे. भाचा आत टॉर्च घेऊन झोपायला तयार झालाय, वडापावच्या बोलीवर.